ब्रेकबाई आणि फ्रिजवाल्याचा खटला

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी शिक्षक बसतो, त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बाईंचा पाय त्या ब्रेकवरून कधी हलत नसे. "चालवा हो बिनधास्त, मी बसलेय ना," असं म्हणायचं आणि समोर मांजर दिसलं की गचकन ब्रेक दाबायचा, ही त्यांची रीत. शिकणाऱ्यांची कपाळं शेकून निघत, पण परीक्षेत बाईंचा माणूस सहसा नापास होत नसे.

लग्न त्यांनी केलं नाही. आईवडील लवकर गेले आणि मागे उरलेल्या धाकट्या भावाला मोठं करण्यातच त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं. त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. धाकटा शिकला, इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामाला लागला, त्याचं लग्न झालं. बहीण खालच्या मजल्यावर आणि भाऊ-भावजय त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, असा त्यांचा संसार होता. भावजय त्यांना ताई म्हणायची. दोघींचं पटायचं, म्हणजे भांडून झाल्यावर पटायचं.

स्टेशनवर स्फोट झाला त्या दुपारी ब्रेकबाई एका निवृत्त पोस्टमास्तरांना गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. लांबून धप्प असा आवाज आला. पोस्टमास्तर घाबरून म्हणाले, "माझ्यामुळे काही झालं का?" बाई हसल्या. नंतर कित्येक दिवस त्यांना त्या हसण्याची चीड येत राहिली.

मेलेल्यांत धाकटा होता. त्याची त्या दिवशी पाळी होती, निदान बायकोला तरी तो तसंच सांगून गेला होता. इस्पितळात विचारलं तर ते म्हणाले, आज त्याला सुट्टी होती, आधीच्या दोन पाळ्या सलग करून तो सकाळी निघून गेला. मग स्टेशनवर कशाला गेला? कुणाला भेटायला? बायकोशी खोटं का बोलला? लोक सांत्वनाला येत आणि जाताना जिन्यात हाच विषय हळू आवाजात काढत. भावजय दार बंद करून घेई. ब्रेकबाईंना घरात बसवत नसे. त्या खाली जाऊन गाडी धूत. धुतलेली गाडी पुन्हा धूत.

आठवड्याच्या आतच माणूस पकडला गेला. फ्रिज आणि कूलर दुरुस्त करणारा एक तरुण. तोंडावर काळं फडकं टाकून त्याला गाडीतून उतरवलं, आणि पोलीस अधिकाऱ्यांनी वार्ताहरांसमोर सांगितलं की सूत्रधार हाच, त्याने गुन्हा कबूलही केलाय. शहराचा जीव भांड्यात पडला. ब्रेकबाईंचाही पडला. टीव्हीच्या पडद्यावर त्या फडक्याकडे बघत त्यांनी दात आवळून जे काही म्हटलं, ते त्यांनी आयुष्यात कधी कुणाला, आडव्या येणाऱ्या रिक्षावाल्यालासुद्धा, म्हटलं नव्हतं.

मग वकिलांच्या संघटनेने ठराव केला की फ्रिजवाल्याचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. पेपरात ठरावाचं कौतुक छापून आलं. बाईंनाही तेव्हा ते बरोबर वाटलं. घे म्हणावं आता.

खटल्याची तारीख आली. बाई शिकवणी बंद ठेवून कोर्टात गेल्या. लाकडी बाकांवर मेलेल्यांची माणसं दाटीवाटीने बसली होती. न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपीला वकील आहे?" कुणी उभं राहिलं नाही. पुढची तारीख पडली. पुढच्या तारखेलाही तेच. मध्येच कोर्टाने एक वकील नेमून दिला. त्याच्या घराच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं, तसा त्याने आजारपणाचं कारण देऊन अंग काढून घेतलं. पुन्हा पुढची तारीख. हळूहळू बाक रिकामे व्हायला लागले. माणसांना कामधंदे असतात. ब्रेकबाई मात्र येत राहिल्या, आणि दर वेळी बाकावर बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय जमीन दाबत राहायचा.

एकदा त्यांनी कोर्टातल्या कारकुनाला गाठलं. "हे सुरू कधी होणार?"

"त्याला वकील मिळाला की."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर काय, बाई. वकिलाशिवाय चालवून शिक्षा दिली तर वरचं कोर्ट म्हणणार, पुन्हा पहिल्यापासून चालवा. तुमचं-आमचं आयुष्य संपेल, खटला नाही संपायचा."

"म्हणजे साक्षी होणारच नाहीत? त्या दिवशी स्टेशनवर काय झालं ते कुणी सांगणारच नाही?"

कारकुनाने खांदे उडवले. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्यापुढे फायलींचा ढीग होता.

बाई घरी आल्या त्या हाच किडा डोक्यात घेऊन. तोवर त्यांना वाटत होतं की आपण शिक्षेची वाट बघतोय. आता लक्षात आलं की शिक्षेच्याही आधी आपल्याला काहीतरी ऐकायचंय. धाकटा तिथे काय करत होता, हे कुणीतरी शपथेवर, मोठ्या आवाजात सांगायला हवं होतं. ते सांगणारी सगळी तोंडं एका न मिळणाऱ्या वकिलामुळे बंद होती.

त्याच सुमाराला नागरिकांची मोठी सभा भरली. सभागृह खचाखच भरलेलं. मेलेल्यांच्या घरच्यांना व्यासपीठावर खुर्च्या दिल्या होत्या, त्यात बाई आणि भावजय शेजारी शेजारी होत्या. वक्ते एकामागून एक उठत होते. "कसले हक्क? त्याने आपल्या माणसांना विचारलं होतं का, तुमचे हक्क कोणते म्हणून?" एकाने विचारलं आणि टाळ्यांनी छत हादरलं. मागच्या रांगेतून एक म्हातारे प्राध्यापक उठून म्हणाले की ज्याचा गुन्हा अजून ठरायचाय त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही. त्यांना पुढचं वाक्य पुरं करता आलं नाही. लोकांनी हुर्यो केली, कुणीतरी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं.

मग संयोजकांनी माइक ब्रेकबाईंच्या हातात दिला. "ताई, दोनच शब्द बोला. भावाबद्दल."

बाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला, स्टिअरिंग धरावं तसा. "मला खटला हवाय," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ तिथे का गेला होता, कसा गेला, मला कुणी सांगितलेलं नाही. या माणसाला वकील नाही म्हणून सगळं अडलंय. त्याला वकील द्या. मला पुढचं ऐकू द्या."

टाळ्या वाजल्या नाहीत. संयोजकांनी हसत हसत, आजाऱ्याच्या हातातून पेला घ्यावा तसा माइक काढून घेतला. शेजारची खुर्ची वाजली. भावजय उठून निघून गेली होती.

घरी जिन्यात ती उभीच होती.

"ताई, तुम्ही त्याची बाजू घेतलीत."

"बाजू नाही घेतली गं मी."

"मग काय घेतलंत? सगळ्यांसमोर म्हणालात, तो तिथे का गेला होता कुणाला माहीत नाही. माझी अब्रू काढलीत तुम्ही. लोक आधीच काय काय बोलतायत."

 ही बाजू बाईंच्या लक्षातच आली नव्हती. त्यांनी हात पुढे केला तर भावजय दोन पायऱ्या वर सरकली आणि म्हणाली, "यापुढे वर येऊ नका." ती गेली, आणि वरच्या मजल्यावरचं दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चर्चा रंगली. पडद्यावर बाईंचा तोंड उघडं राहिलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत प्रश्न: दहशतवाद्याला वकील कशाला? चौघे जण एकाच वेळी बोलत होते, त्यामुळे कोण बाईंच्या बाजूने आहे आणि कोण विरुद्ध, ते बाईंनाही कळलं नाही. शिकणारी माणसं गळायला लागली. कुणाची कंबर दुखायला लागली, कुणाचा गाडी घ्यायचा बेतच रद्द झाला. एका सकाळी गाडीच्या दारावर कुणीतरी खिळ्याने 'देशद्रोहि' असं ओरखडलेलं दिसलं. रंगवाला म्हणाला, "बाई, पुसून टाकू ना?" बाई म्हणाल्या, "पूस. शुद्धलेखनाचीही चूक आहे त्यात." रंगवाला हसला. बाईंना मात्र त्या रात्री भावजयीच्या पावलांचा आवाज वरून ऐकू येत होता तोवर झोप लागली नाही. तीही जागीच होती.

मग बाईंनी स्वतःच वकील शोधायला सुरुवात केली. ज्याच्या त्याच्या कचेरीत जाऊन बसायच्या. सगळे उठून उभे राहत, पाणी विचारत, भावाबद्दल हळहळत. त्या मुद्द्यावर आल्या की घड्याळाकडे बघत. "बाई, मलाही मुलंबाळं आहेत," एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलंय?" तिसऱ्याला तर वाटलं दुःखाने बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याने त्यांना एका डॉक्टरचा पत्ता दिला.

शेवटी उरली त्यांची एक विद्यार्थिनी. ही वकीलबाई मुलुखाची हुशार, कोर्टात समोरच्याला घाम फोडणारी, पण गाडीच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा आपटलेली. उड्डाणपूल चढताना तिचे हात गार पडत. सगळे सोडून गेले तरी ही शिकायला येत होती. सभेबद्दल तिने एक अक्षर काढलं नव्हतं.

"वकीलबाई, आरसा बघा," ब्रेकबाई म्हणाल्या. गाडी पुलाच्या चढाला लागत होती.

"बघितला."

"मागे काय आहे?"

"दुधाचा टेम्पो."

"फ्रिजवाल्याचं वकीलपत्र घ्याल?"

गाडी आचके देऊन बंद पडली. टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. वकीलबाईंनी किल्ली फिरवली, गाडी बाजूला घेतली आणि मग वळून म्हणाल्या, "असं गाडी चालवताना विचारतात का हो?"

"कचेरीत विचारलं की लोक घड्याळ बघतात. तुमचे दोन्ही हात अडकलेले होते."

वकीलबाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. "तुम्हाला तो सुटायला हवाय?"

"नाही. मला तो फासावर जायला हवाय. पण सगळं ऐकल्यावर."

"मी घेतलं तर मनापासून लढेन. नुसतं नावाला उभी राहायची नाही. सरकारची एकेक गोष्ट तपासेन. चालेल तुम्हाला?"

"त्यासाठीच विचारतेय."

"आणि त्याने केलंच नसलं तर?"

बाईंनी बाजूचा आरसा नीट केला. "मग इतके महिने मी ज्याला शिव्या घातल्या तो भलताच निघेल," त्या म्हणाल्या. "तेही कळू दे एकदाचं. पहिला गिअर टाका."

वकीलबाईंनी त्या दिवशी होकार दिला नाही. नवऱ्याशी बोलल्या, भांडल्या, तुरुंगात जाऊन फ्रिजवाल्याला भेटून आल्या. आणि पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा त्या उभ्या राहिल्या. संघटनेने त्यांना काढून टाकलं. कोर्टाच्या उपाहारगृहात त्यांच्या टेबलाशी कुणी बसेना, तेव्हा ब्रेकबाई जाऊन बसायच्या. दोघी फारसं बोलत नसत. खटल्याबद्दल तर मुळीच नाही, तसं त्यांचं ठरलेलं होतं.

खटला सुरू झाल्यावर ब्रेकबाईंनी फ्रिजवाल्याला प्रथमच फडक्याशिवाय नीट पाहिलं. काटकुळा, सारखा खोकणारा. त्याच्याकडे बघून ओळख पटेल असं बाईंना वाटलं होतं, आतून काहीतरी सांगेल की हाच तो. आतून काहीच आलं नाही. त्याचा राग यावा म्हणून त्या त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. एका हाताची दोन नखं वेडीवाकडी उगवली होती. कबुली कशी घेतली गेली त्याबद्दल वकीलबाईंनी प्रश्न विचारले, ती नखं उपटली गेली होती अशी डॉक्टरची साक्ष झाली, आणि कोर्टाने ती कबुली बाजूला ठेवली. बाहेर घोषणा झाल्या. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि कुणाच्या बाजूने जेवण जात नाहीये तेही त्यांना कळेना.

आता सरकारचा सगळा भार एका साक्षीवर होता. फलाटावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवाल्या मावशींची साक्ष. सरकारी वकिलांनी विचारलं, "बाकाजवळ बॅग ठेवणारा माणूस या कोर्टात आहे?" मावशींनी फ्रिजवाल्याकडे बोट दाखवलं. हुंदका कुणाचा आला म्हणून बाईंनी मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर भावजय बसली होती. ती कधी आली होती कोण जाणे.

वकीलबाई उठल्या. आवाज अगदी साधा, भाजी आणायला निघाल्यासारखा.

"मावशी, दुपारी स्टॉलवर गर्दी असते ना?"

"असते की."

"मग त्या बाकाकडे तुमचं लक्ष कशामुळे गेलं?"

"बाकावर एक पोरगा झोपला होता, त्याच्याकडे बघत होते. इस्पितळातला होता. गळ्यात त्यांच्या ओळखपत्राचा पट्टा असतो ना, तो होता."

ब्रेकबाईंचा पाय जमिनीवर थांबला.

"त्याला तुम्ही ओळखत होता?"

"नाही हो. मासिक घ्यायला आला होता. डोळे तांबारलेले. म्हणाला, मावशी, दोन पाळ्या करून आलोय, डोळा लागला तर गाडी आली की उठवाल का? पलीकडच्या गावी मुलाखत आहे, दिवसपाळीची नोकरी आहे. मिळाली की मग घरी सांगणार, तोवर कुणाला सांगू नका, असं म्हणून हसला. मला काय, मी कुणाला सांगणार होते? झोपला लगेच. मी आपली एक डोळा गाडीच्या पाटीवर आणि एक डोळा त्याच्यावर."

"म्हणजे तुम्ही त्याचा चेहरा बघत होता."

"हो."

"आणि बॅग ठेवणारा?"

मावशींनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तो वाकला होता. पाठमोरा."

"त्याचं तोंड दिसलं?"

"पोलिसांनी फोटो दाखवला तेव्हा…"

"फोटोचं नाही विचारत, मावशी. त्या दुपारचं विचारतेय."

मावशींनी फ्रिजवाल्याकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे. "नाही," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "मी गिऱ्हाईकाला सुटे द्यायला आत वळले म्हणून वाचले. त्याला उठवायचं राहूनच गेलं."

कोर्टात गलका झाला. सरकारी वकील उभे राहून काहीतरी बोलत होते. ब्रेकबाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. तो झोपला होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. इतके महिने ज्या एका वाक्यासाठी त्या ठिकठिकाणी जाऊन बसत होत्या ते त्यांना मिळालं होतं, आणि त्याच वाक्यासरशी समोरचा माणूस निसटत होता. दोन्ही एकाच तोंडातून, एकाच दमात आलं होतं. त्यातलं एक घेऊन दुसरं टाकता येत नव्हतं.

बाहेर जिन्यापाशी भावजय भिंतीला टेकून उभी होती. बाई तिच्यासमोर जाऊन थांबल्या, हात पुढे न करता.

"दिवसपाळी," भावजय म्हणाली. "मीच भुणभुण लावली होती त्याच्यामागे. रात्रीचा घरी नसतोस म्हणून." आणि मग एकदम चिडून, "सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं, ताई? मी काय काय मनात आणलं त्याच्याबद्दल."

बाईंनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं. लोक बघत होते. बघू देत.

काही आठवड्यांनी निकाल लागला. आरोपीविरुद्ध पुरावा अपुरा, म्हणून सुटका. न्यायाधीशांनी तपासावर कडक ताशेरे ओढले. शहर पुन्हा पेटलं. काहींनी न्यायाधीशांना शिव्या घातल्या, काहींनी पोलिसांना. ज्या वाहिनीने बाईंचा तोंड उघडं राहिलेला तो फोटो दाखवला होता तिने त्यांना चर्चेला बोलावलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

एका सकाळी फ्रिजवाल्याचे वडील दारात आले. थकलेला, स्वच्छ कपडे घातलेला माणूस. त्याने वाकून हात जोडले. "तुमच्यामुळे माझा मुलगा…"

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या मुलासाठी काही केलेलं नाही. तो सुटला तेव्हा मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू? माझ्या भावाला मारणारा कुठेतरी आरामात बसलाय. तो सापडायच्या ऐवजी इतका काळ तुमच्या मुलाच्या नखांवर गेला."

म्हाताऱ्याचे हात तसेच राहिले. "हो," तो म्हणाला. "आमचाही गेला."

बाईंना स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली, पण शब्द परत घ्यावेत असंही वाटलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली. तो बसला, पाणी प्यायला. मुलगा आता कुठे काम करतो, असं बाईंनी विचारलं. कुणी काम देत नाही, म्हणाला. निर्दोष असला तरी लोकांना आपल्या स्वयंपाकघरात तो नको असतो. 

तपास नव्याने सुरू झाला आहे, असं जाहीर झालं. नवे अधिकारी आले. शिकवण्या हळूहळू पुन्हा भरल्या. वकीलबाई अजून उड्डाणपुलाला घाबरतात. भावजयीने इस्पितळातच नोंदणीच्या खिडकीवर नोकरी धरली, दिवसपाळीची. तिच्या सुट्टीच्या दिवशी दोघी मिळून पोलीस कचेरीत जातात.

"कुठवर आलं?" ब्रेकबाई विचारतात.

"चालू आहे, बाई," पलीकडचा माणूस सांगतो. "झालं की कळवू."

"आम्ही बसतो," भावजय म्हणते.

"बसून काय करणार? आज साहेब नाहीत."

"असू दे. येतील तेव्हा भेटू." आणि दोघी समोरच्या बाकावर बसतात.